पहिला पाऊस राखेवर पडू नये

एप्रिल सरता सरता सह्याद्रीत एक आठवडा असा येतो, की डोंगरावर आग आणि पाणी एकाच वेळी मुक्कामाला असतात. सकाळी खोऱ्यात धुरकं साचलेलं असतं. एरवी स्वच्छ दिसणारी समोरची डोंगररांग दिसेनाशी होते. घसा खवखवतो, दोरीवरच्या कपड्यांना जळक्या गवताचा वास येतो. दुपारी हवा कोंडते, अंगाची काहिली होते. तीन-चारच्या सुमाराला घाटमाथ्यावर काळे ढग चढू लागतात. आधी वारा सुटतो आणि कुठल्याशा उतारावर धुमसत पडलेला ओंडका त्या वाऱ्याने पुन्हा पेट घेतो. मग विजा, गडगडाट, टपोरे थेंब, कधी गारा. तासाभरात सगळं निवतं.

आपल्याला हायसं वाटतं. वळवाने वणवा विझवला, हवा गार झाली, सुटलो! पण त्याच संध्याकाळी पायथ्याच्या ओढ्यावर जाऊन पाहावं. पाणी काळं आलेलं असतं. त्यात राख असते, कोळशाचे तुकडे असतात, अर्धवट जळालेल्या काटक्या असतात. आणि शेकडो वर्षांत तयार झालेली डोंगराची माती असते. ती परत वर चढत नाही.

वळीव दरवर्षी येतो, यापुढेही येईल. तो गवतावर पडणार की राखेवर, हे मात्र आपण ठरवतो. आणि ते ठरतं पाऊस येण्याच्या कितीतरी आधी, दिवाळीनंतर, संक्रांतीला, शिमग्याच्या आसपास. सह्याद्रीतला वणवा थांबवता येतो. कुणा एका खात्याची किंवा कुणा एका गावाची ताकद त्याला पुरणार नाही. आपण सगळ्यांनी थोडा थोडा भार उचलला, तर नक्की पुरेल.

गुडघ्याच्या खाली काय जळतं

वणवा म्हटलं की उंच झाडं धडाधड पेटल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. परदेशातल्या आगींची दृश्यं आपण टीव्हीवर पाहिलेली असतात. सह्याद्रीतला वणवा बहुतेक वेळा जमिनीलगत चालतो. वाळलेलं गवत, पाचोळा, झुडपं खात तो पुढे सरकतो. मोठी झाडं उभी राहतात, पावसाळ्यात डोंगर पुन्हा हिरवा होतो आणि आपल्याला वाटतं, काही बिघडलं नाही.

बिघडलेलं असतं ते गुडघ्याच्या खाली. हिरडा, जांभूळ, आंबा, अंजनी यांची वीतभर वाढलेली रोपं तिथेच जळून गेलेली असतात. दरवर्षी वणवा जाणाऱ्या रानात फिरलं की हे लगेच ध्यानात येतं. जुनी झाडं दिसतात, पण कमरेएवढं, खांद्याएवढं झाड शोधून सापडत नाही. मागची पिढी संपली की पुढे कोण? रान आज हिरवं दिसतं, पण त्याचा वंश तुटलेला असतो.

डोंगर जळण्याचे हे महिने म्हणजेच अनेक पक्ष्यांच्या विणीचे महिने. टिटवी उघड्या माळावर, खड्यांच्या मधोमध अंडी घालते. चंडोल गवताच्या बुडख्याशी घरटं करतो. रानकोंबडी पाचोळ्यात बसते. आग जवळ आली की मोठा पक्षी उडून जातो, अंडी आणि पिल्लं तिथेच राहतात. खवल्या मांजर धोका दिसला की अंगाची गुंडाळी करून बसतं. बिबट्यापुढे ही युक्ती चालते, आगीपुढे चालत नाही. दगडाखालच्या पाली, बिळातले साप, कासवं, गोगलगायी यांची मोजदाद तर कुणीच करत नाही.

कारवीचं पाहा. पश्चिम घाटाच्या उतारांवर ती दाट वाढते, माती धरून ठेवते. साधारण सात वर्षं ती नुसती वाढते आणि मग एका वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे करून टाकते. त्या फुलोऱ्यानंतर झुडूप वाळतं. पुढची पिढी असते ती फक्त त्या वाळक्या बोंडांतल्या बियांत, पहिल्या पावसाची वाट पाहत. नेमक्या त्याच उन्हाळ्यात त्या उतारावर काडी पडली, तर सात वर्षांची कमाई एका दुपारी संपते.

आणि करवंदं. ‘डोंगरची काळी मैना’ अशी हाक एसटी स्टँडवर, घाटातल्या वळणावर ऐकू आली की आपली गाडी आपोआप थांबते. पानाच्या द्रोणातली ती करवंदं आणणारी बाई कातकरी असते, ठाकर असते, महादेव कोळी असते. पहाटे उठून, काट्यांत हात घालून तिने ती वेचलेली असतात. चैत्र-वैशाखातला तिच्या घरचा रोख पैसा म्हणजे ही करवंदं, जांभळं, अळू, तोरणं. वणव्यात करवंदीची जाळी जळते तेव्हा पंचनामा होत नाही आणि तिला भरपाईही मिळत नाही. कोकणात तर लावून वाढवलेल्या आंबा-काजूच्या बागा एका वणव्यात उभ्या जळतात. कर्ज काढून दहा-बारा वर्षं जपलेली कलमं संध्याकाळी काळी पडलेली पाहणाऱ्या शेतकऱ्याला काय वाटत असेल?

जगाने मान्य केलेला वारसाही याच डोंगरांत आहे. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी चार महाराष्ट्रात आहेत: कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासच्या सड्यावर कातळावर जेमतेम बोटभर माती आहे. त्या मातीत सोनकी, तेरडा, सीतेची आसवं आणि टोपली कारवी फुलतात. भीमाशंकरच्या रानात आपला राज्यप्राणी शेकरू राहतो. त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला फांद्यांची सलग छाया लागते. वणवा दरवर्षी अशा रानाची कड थोडी थोडी कुरतडतो आणि ती छाया मागे मागे सरकत जाते.

हा हिशेब पाण्याचाही आहे

डोंगरापासून लांब राहणाऱ्यांना वाटेल, हे डोंगरवाल्यांचं दुखणं आहे. जरा आपला नळ उघडून पाहूया. पुण्याचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून येतं. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या नद्यांवरच्या तलावांतून येतं. कृष्णा, कोयना, वेण्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, भीमा भीमाशंकरला, गोदावरी ब्रह्मगिरीवर. कोकणातल्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्याही याच कड्यांवरून खाली उतरतात. सह्याद्रीचा माथा जळतो तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राच्या पाण्याचं उगमस्थान जळत असतं.

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरीही घाटमाथ्यावरच्या कितीतरी वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस कमी नाही, मुरणं कमी झालं आहे. गवत आणि पाचोळा जागेवर असला तर थेंबाचा मार जमिनीला थेट बसत नाही. पाणी अडतं, रेंगाळतं, मातीत उतरतं आणि महिन्यांनी खालच्या झऱ्यातून बाहेर पडतं. जळलेल्या उतारावर हे सारं बंद होतं. तापलेल्या, राखेने मढलेल्या जमिनीत पाणी शिरत नाही. वळवाचा पाऊस तर थोड्या वेळात जोरात कोसळतो, त्यामुळे तो वरची माती खरवडून थेट ओढ्यात नेतो. डोंगर उघडा पडतो, झरा लवकर आटतो आणि खाली धरणाच्या पोटात गाळ साचत जातो.

हवेचंही तसंच आहे. रात्री गार, जड हवा खोऱ्यात उतरून बसते आणि वणव्याचा धूर तिच्यातच अडकतो. म्हणून सकाळी धुरकं सगळ्यात दाट असतं. त्यातले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसांत जातात. शाळेला चालत निघालेली पोरं, दम्याचे रुग्ण, पहाटे शेतावर गेलेली म्हातारी माणसं आणि पोटुशा बायका हे सगळे तोच धूर श्वासात घेतात. चुलीचा धूर कमी व्हावा म्हणून आपण घरोघरी गॅस नेला, मग डोंगराच्या धुराकडे कानाडोळा का करावा?

आग लागते कशी

‘उन्हाने आपोआप पेटतं’ किंवा ‘विजेने लागलं असेल’ असं आपण सहज म्हणतो. काही देशांत विजेने मोठे वणवे लागतात हे खरं आहे. कॅलिफोर्नियात ऑगस्ट 2020 मध्ये कोरड्या वादळांत हजारो विजा पडल्या आणि शेकडो आगी लागल्या. पण आपल्याकडचं वेळापत्रक पाहा. सह्याद्री सगळ्यात जास्त पेटतो तो फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे आकाश निरभ्र असतं तेव्हा. विजा येतात त्या वळवाबरोबर आणि वळीव पाणीही आणतो. मग आग लावतं कोण? आपल्याकडचे जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात, कधी हेतूने, पुष्कळदा गाफीलपणाने.

हे ऐकून मान खाली घालण्याची गरज नाही. यातच आशेची जागा आहे. विजेला आपण थांबवू शकत नाही, काडी नक्की थांबवू शकतो.

या काडीमागची कारणंही समजून घेऊया, कारण नुसता दोष दिल्याने कुणी बदलत नाही. ‘गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं’ ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती आली कुठून तेही दिसतं. वाळली ताटं जळून गेल्यावर नवे कोंब लवकर नजरेला पडतात. पण गवत उगवतं ते मुळांतून आणि पावसाने. जाळलं नाही तरी ते येणारच. उलट वरचेवर जाळलेल्या डोंगरावर मऊ, पौष्टिक गवत मागे पडतं आणि कुसळीसारखं आग सोसणारं राठ गवत माजतं. राखेतलं खत जनावराच्या पोटात जाण्याऐवजी पहिल्या पावसात ओढ्यात जातं.

भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपवाटिकेसाठी, जमिनीची भाजावळ करताना ठिणगी बांध ओलांडते. उसाचं पाचट पेटवलं की वारा ते डोंगराच्या दिशेने नेतो. बागेभोवतीचं गवत जाळून मोकळं करायला घेतलेली आग शेजाऱ्याच्या बागेत शिरते. मध काढणाऱ्याच्या मशालीची राख, शिकारीसाठी लावलेली आग, घाटात गाडीच्या काचेतून भिरकावलेलं थोटूक, गडावरच्या मुक्कामात नीट न विझवलेली शेकोटी अशा कितीतरी वाटांनी आग रानात जाते. यात गावची माणसं आहेत, तशी शहरातून आलेलीही आहेत. बोटं दाखवत बसलो तर डोंगर तेवढ्यात जळून जाईल.

आग हाताबाहेर गेली की काय होतं, ते गोव्याने मार्च 2023 मध्ये पाहिलं. म्हादई अभयारण्याच्या परिसरात ठिकठिकाणी वणवे पेटले. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली, मोठ्या बादल्यांतून वरून पाणी ओतावं लागलं. प्रत्येक डोंगरावर हेलिकॉप्टर येणार नाही आणि यायची वेळ येऊही नये.

आपण काय करू शकतो

वनखात्याकडे वनरक्षक मोजके आहेत आणि त्यांचे पट्टे मोठे आहेत. उन्हाळ्यात ही माणसं पाठीवर पाण्याची बाटली आणि हातात झोडपायला ओली डहाळी घेऊन, कधी ब्लोअर घेऊन, रात्ररात्र उतार चढतात. शिवाय कोकणातलं, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बरंचसं रान खासगी मालकीचं आहे, तिथे खात्याचा हात सहज पोचत नाही. म्हणून काम वाटून घेऊया.

शेतकरी भावांनो, बहिणींनो, पहिला वाटा आपला. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की बांधाकडेचं, बागेभोवतीचं, डोंगराकडच्या कडेचं गवत कापून घ्या. जनावरांना ते वैरण होईल, उरलेलं झाडांच्या बुंध्याशी आच्छादन होईल. चार-पाच मीटरचा मोकळा पट्टा राहिला, तरी जमिनीलगत येणारी आग बहुतेक वेळा तिथे अडते. हे काम जानेवारीच्या आत झालं पाहिजे. मार्चमध्ये कोयता हातात घेऊन उपयोग नाही.

भाजावळ लगेच सोडता येत नसेल तर ती सांभाळून करा. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, भोवती ओली माती आणि पाण्याचे हंडे ठेवून, चार माणसं उभी करून ती करता येते. आग पूर्ण थंड झाल्याशिवाय जागा सोडू नका. पण राबाशिवाय भात पिकवण्याच्या वाटाही आता तयार आहेत. नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यावर थेट टोकणी होते, त्यामुळे रोपं तयार करण्यासाठी राब भाजण्याचा प्रश्नच उरत नाही. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेसाठी भाताच्या तुसाची राख वापरतात. आपल्या शिवारात कुणी हे करून पाहिलं असेल तर एकदा त्याच्या बांधावर जाऊन या. पाचटही जाळण्यापेक्षा सरीत ठेवलं तर ओल टिकते आणि जमीन सुधारते, हे पश्चिम महाराष्ट्रातले ऊसउत्पादक स्वतःच सांगतील.

गावाने मिळून करायचं कामही मोठं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपलं वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे. तो कागदावर का ठेवायचा? डिसेंबरच्या ग्रामसभेत वणव्याचा विषय घ्या. कुठल्या बाजूने दरवर्षी आग येते, कुठे जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायची, आग दिसली तर कुणी कुणाला फोन करायचा, ट्रॅक्टरचा पाण्याचा टँकर कुणाचा, हे त्याच बैठकीत ठरवा. वनपालांना बोलवा, संयुक्त वन व्यवस्थापन समिती कागदावरच असेल तर तिला कामाला लावा. शिमग्याची होळी डोंगराच्या पायथ्याशी पेटत असेल तर भोवतीचं गवत आधी साफ करून घ्या. सण उत्साहाने होईल आणि डोंगरही सुखरूप राहील.

शाळांनो, हे काम मुलांच्या हाती द्या. गवत नुसतं कापलेल्या आणि जळालेल्या उतारावरच्या मातीचे दोन ढीग करून त्यांवर झारीने पाणी ओतून दाखवलं, तरी पाचवीतल्या मुलाला सगळं कळतं. ते मूल घरी जाऊन आजोबांना विचारेल, ‘आबा, यंदा डोंगर नाही ना जाळायचा?’ त्या प्रश्नापुढे काडी पेटवणं अवघड जातं.

गिर्यारोहक आणि भटक्या मित्रांनो, गडावर जाणं आपलं प्रेम आहे, ते जबाबदारीने निभावूया. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत उघड्यावर शेकोटी नको, चूल नको, सिगारेट तर अजिबात नको. फटाके आणि आकाशकंदील हवेत सोडण्याची हौस डोंगरापासून लांब ठेवा. आपल्याकडे पाय आहेत, वाटांची माहिती आहे, मोबाइल आहे. हिवाळ्यातले दोन रविवार पायथ्याच्या गावाबरोबर जाळरेषेच्या कामाला दिले तर तो गड खऱ्या अर्थाने राखला जाईल.

शहरातल्या मंडळींनो, आपल्या टेकड्याही डोंगरच आहेत. सकाळी फिरायला जाताना धूर दिसला तर ‘कुणीतरी कळवलं असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. कंपन्यांचे, मंडळांचे वृक्षारोपणाचे कार्यक्रम पावसाळ्यात उत्साहाने होतात. पण जुलैत लावलेलं रोप मार्चच्या वणव्यात गेलं तर फोटोपलीकडे काय राहतं? रोप लावणाऱ्या प्रत्येक संस्थेने पुढच्या उन्हाळ्यातल्या आगीपासून ते जपण्याचा खर्च त्याच वेळी बाजूला काढावा. बरेचदा नवं रोप लावण्यापेक्षा आपोआप उगवलेलं वाचवणं स्वस्त आणि टिकाऊ असतं.

आग दिसली तर

पहिलं काम, कळवा. महाराष्ट्र वनविभागाचा 1926 हा टोल फ्री क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा. 112 आणि अग्निशमन दलाचा 101 हेही हाताशी असू द्या. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीची ठिकाणं टिपते आणि नाव नोंदवणाऱ्या कुणालाही आपल्या भागातल्या आगीचा संदेश मोबाइलवर मिळू शकतो. प्रत्येक गावातल्या दोन-चार तरुणांनी ही नोंदणी करावी. पण उपग्रह ठरावीक वेळांनाच डोक्यावरून जातो. ठिणगीची आग होण्याआधी ती दिसते ती ओट्यावर बसलेल्या माणसालाच.

दुसरं काम, जीव सांभाळा. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वाळक्या गवतातल्या आगीने वीसहून अधिक ट्रेकर्सचे प्राण घेतले. आग उतारावर वरच्या दिशेने वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. एकट्याने जाऊ नका. नायलॉनचे कपडे टाळा, अंगभर सुती कपडे आणि पायात बूट घाला, नाकातोंडाला ओलं फडकं बांधा. आधीच जळून गेलेली, थंड झालेली जागा ही सुटकेची वाट असते, ती डोळ्यांसमोर ठेवा. अनुभवी माणसं आणि वनरक्षक सांगतील तसंच करा. भर दुपारी आगीशी झुंजण्यापेक्षा रात्री किंवा पहाटे, वारा पडल्यावर ती आवरणं सोपं जातं. लहान मुलांना तिथे नेऊ नका.

आणि वळवाच्या दिवसांत विजेचं भान ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. डोंगरावर जाण्याआधी ते पाहावं. गडगडाट ऐकू आला की माथ्यावरून, एकट्या झाडाखालून, उघड्या सड्यावरून खाली यावं. विझवायला गेलेला माणूस विजेने जाऊ नये.

आपल्याला हे जमतं

हे सगळं जमेल का, असं मनात येईल. आपल्या गावांनी हे शतकानुशतकं करून दाखवलं आहे. घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या देवरायांचा वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात अभ्यास केला, तेव्हा भोवतीचे डोंगर उघडे असताना मधेच दाट, जुनं रान उभं असलेल्या जागा त्यांना सापडल्या. तिथे कुंपण नव्हतं, पहारा नव्हता. काटकीही उचलायची नाही, एवढा एक नियम गावाने स्वतःवर घालून घेतला होता आणि तो सगळ्यांनी पाळला होता. देवराईपुरता पाळलेला तो संयम डोंगराच्या बाकीच्या उतारांपर्यंत नेणं, एवढंच आता करायचं आहे.

कायदाही आपल्या बाजूला आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव आणि संरक्षित वनात आग लावणं हा गुन्हा आहे आणि त्या वनात हक्क असणाऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याची जबाबदारी आहे. पण रात्री दोन वाजता डोंगर उतरून येणाऱ्या ज्वाळांपुढे कायद्याचं पुस्तक उभं राहत नाही, माणसंच उभी राहतात. शेजारच्या वाडीचा डोंगर पेटला तरी धावून जाणारी माणसं आजही आपल्याकडे आहेत. ती ओळखूया, त्यांचा सत्कार करूया, त्यांना बॅटऱ्या, बूट आणि पाणी देऊया. वणवा विझवून आलेल्या वनमजुराला घरात बोलावून चहा पाजणं हेसुद्धा या कामातच येतं.

आणि एक लक्षात ठेवूया. डोंगर माफ करतो. चार-पाच वर्षं आग लागली नाही तर गवताखालून दडलेली रोपं वर येतात, पाचोळा साठतो, झरे अधिक काळ वाहू लागतात, करवंदीच्या जाळ्या पुन्हा दाटतात. सह्याद्रीला सावरायला दरवर्षी आपला मोठा खर्च नको असतो, आग नसलेले थोडे उन्हाळे हवे असतात.

तेव्हा या दिवाळीनंतर आपल्या गावचा, आपल्या टेकडीचा, आपल्या आवडत्या गडाचा एक उतार निवडा. तिथली जाळरेषा काढायला जा, निदान चार माणसांना पाठवा. 1926 हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्या. काडी पेटवू पाहणारा हात दिसला तर भांडू नका, शेजारी बसा आणि बोला. येत्या वर्षी पहिला वळीव येईल तेव्हा आपला तो एक उतार गवताने झाकलेला असला पाहिजे, एवढाच निश्चय आज करूया.